चाळीस मिनिटांचं मध्यंतर

माझ्या आत्याला कुठलंही नाटक कसं झालं असं विचारा, ती फक्त मध्यंतराबद्दल सांगते. ‘अप्रतिम झालं’ म्हणाली की समजायचं, भजी संपली. ‘बरं होतं’ म्हणजे चहा खपला, पण भेळ उरली. एकदा एका नाटकात नायिका शेवटी जीव देते. अख्खं सभागृह डोळे पुसत बाहेर पडलं. मी स्वतः रुमाल चाचपत होतो. दारात आत्या उभी. मी म्हटलं, “काय जबरदस्त होतं गं!”

“कसलं जबरदस्त?” आत्या म्हणाली. “पहिला अंक इतका रडका, की मध्यंतरात कोणाला भूकच नाही. गजरेवाली तशीच बसून राहिली बिचारी.”

ती नायिका का मेली, हे आत्याला अजून ठाऊक नाही. मी एकदा सांगायला गेलो तर म्हणाली, “मरायचंच होतं तर मध्यंतराच्या आधी थोडं हसवायचं तरी.”

आणि गंमत म्हणजे नांदगावचा नाट्यमहोत्सव भरवते ती हीच बाई. दर थंडीत चार संध्याकाळी, चार नाटकं. पत्रिकेवर समितीची मोठमोठी नावं असतात, अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागताध्यक्ष. आत्याचं नाव अगदी खाली, छापखान्याच्या नावाच्या वर. पण नांदगावात कोणालाही विचारा, महोत्सव कोणाचा? तर रिक्षावालासुद्धा सांगेल, “कंट्रोलरबाईंचा.”

प्रमिलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही तिला पमाआत्या म्हणतो. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही याची आमच्या घरात तीन-चार उत्तरं आहेत आणि ती सगळी आत्या सोडून इतरांनी दिलेली आहेत. नांदगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून तिनं सगळी नोकरी काढली. काचेच्या खिडकीमागे बसायचं, माइकवरून गाड्या पुकारायच्या, उशीर करणाऱ्या ड्रायव्हरला झापायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तो माइक तिच्या गळ्यातून काही निघाला नाही.

माझ्या लग्नात शेवटची मंगलाष्टका संपून गुरुजींनी दम घ्यायच्या आत आत्यानं त्यांच्या हातातला माइक घेतला. “वऱ्हाडी मंडळींनी नोंद घ्यावी. पहिली पंगत हॉलच्या मागील बाजूस लागलेली आहे.” आवाजात अशी काही जरब, की मुलीकडच्या दोन म्हाताऱ्यांनी पिशव्या उचलल्या आणि घाईघाईनं दाराकडे निघाल्या. आमच्या मुलाच्या बारशालाही तेच. पाळण्याजवळ जाऊन कुर्र करण्याऐवजी तिनं खणखणीत आवाजात बाळाचं नाव, आईचं माहेर आणि सासर असं सगळं एका दमात पुकारलं. बाळ दचकलं. बायको अजून ते विसरलेली नाही.

आमच्याकडे नाशिकला, इंदिरानगरला ती येते, पण दोन दिवसांवर राहत नाही. बाल्कनीत उभी राहून खालचा रस्ता बघते आणि चुकचुकते. “विनू, तुमच्याकडे माणसं थांबतच नाहीत रे. सगळी आपली कुठंतरी निघालेली.” मी म्हणतो, कामाला जातात गं. तर म्हणते, “कामाला आमच्याकडचेही जायचे. पण थांबून जायचे.”

हे थांबणं म्हणजे आत्याचं सगळं अर्थशास्त्र. तिच्या तरुणपणी लांब पल्ल्याच्या गाड्या नांदगावला चहापाण्यासाठी थांबायच्या. ड्रायव्हर-कंडक्टर खाली उतरायचे, मागोमाग सगळी गाडी उतरायची. कोणी भजी खायचं, कोणी केळी घ्यायचं, एखादी सासुरवाशीण भाच्याला खुळखुळा घ्यायची. मग रस्ते सुधारले, घरोघरी गाड्या आल्या, आणि ज्या बस उरल्या त्या स्टँडला नुसत्या शिवून जायला लागल्या. आत्यानं हे काचेमागून, रोज, डोळ्यांनी पाहिलं. आधी केळीवाला गेला, मग रसवंती गेली, मग पेपरवाल्यानं मोबाइलची कव्हरं विकायला सुरुवात केली.

“बसलेला माणूस पैसे काढत नाही, विनू,” असं ती मला दर वेळी सांगते. “बसल्यावर खिशात हात जात नाही. माणूस उभा करावा लागतो.” असं म्हणून ती मला सोफ्यावरून उठवते आणि खिशात हात घालून दाखवायला लावते. हात जातो, हे कबूल करावं लागतं.

तर नांदगावातली माणसं पुन्हा उभी करायची, यासाठी तिनं नाटक धरलं. स्टँडच्या समोरच एक सभागृह होतं. लग्नं आणि निवडणुकीच्या सभा सोडल्या तर तिथं कबुतरंच राहायची. आत्यानं व्यापारी गोळा केले आणि वर्गणीची भाषा सुरू केली. त्यांना वाटलं, बाईंना म्हातारपणी कलेची आवड लागली. आवड कसली! तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं, “सर्कस मिळाली असती तर सर्कस आणली असती. पण सर्कशीतली माणसं तंबूतच शिजवून खातात. आपल्याला काय उपयोग?”

महोत्सवाचे नियम तिनेच केले. मध्यंतर चाळीस मिनिटांचं, एक मिनिट कमी नाही. सभागृहात खाण्याची एकही वस्तू मिळणार नाही, बाहेर जायचं. नाटक मंडळींसाठी केटरर नाही, त्यांनी गावातल्या खानावळीत जेवायचं आणि तिथपर्यंत पायी जायचं. “गाडीतून नेलं तर नट दुकानं बघणार कधी?” एका थंड पेयाच्या कंपनीचा माणूस आला होता, मोठा स्टॉल टाकतो म्हणाला, वर देणगीही देतो म्हणाला. समितीचे सगळे खूश. आत्यानं त्याला एकच प्रश्न विचारला, “तुमची माणसं जेवायला कुठं जाणार?” तो म्हणाला, “आमची गाडी मनमाडहून डबे आणेल.” झालं. स्टॉल रद्द.

नेपथ्याचंही तेच. टेम्पोतून सोफे, खुर्च्या, कपाटं आणायची नाहीत. लागेल ते सामान गावातून भाड्यानं घ्यायचं. त्यामुळे नांदगावात नाटक बघायची एक वेगळीच मजा आहे. पडदा वर गेला की पहिली पाच मिनिटं संवाद ऐकूच येत नाहीत, कारण प्रेक्षक एकमेकांना कपाट कोणाचं ते सांगत असतात. एका गंभीर कौटुंबिक नाटकात बाप चहाचा कप हातात घेऊन मुलाला घराबाहेर काढतो. बाप थरथरतोय, मुलगा खाली मान घालून उभा, सभागृहात चिडीचूप. आणि चौथ्या रांगेतून कासारीणकाकूंचा आवाज आला, “अहो, चहा सांभाळा! सोफ्याचं कव्हर दिवाळीतच शिवलंय!” बाप म्हणजे मोठा कसलेला नट. त्यानं कप टीपॉयवर ठेवला आणि मग मुलाला हाकललं. टाळ्या पडल्या त्या कप ठेवल्याबद्दल.

एका वर्षी खलनायकाच्या कोटाचं बटण प्रयोगाच्या आधी तुटलं आणि समोरच्या शिंप्याकडे धावाधाव झाली. शिंप्यानं बटण लावलं, वर इतर तिघांचे कपडे उसवलेले होते तेही शिवून दिले. ते बटण कोणी तोडलं हे आजपर्यंत सिद्ध झालेलं नाही. मी आत्याला विचारलं तेव्हा ती आकाशाकडे बघून म्हणाली, “दोरा कच्चा असेल.”

पण हसता हसता एक सांगतो. त्या चार दिवसांत स्टँडसमोरचा रस्ता ओळखू येत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून बायकामुलांसकट माणसं येतात. बांगडीवाले बसतात, लॉजच्या खोल्या भरतात, सायकलच्या दुकानदाराला मोटारसायकली सांभाळायचं काम मिळतं. सलूनवाला बाळू मला म्हणाला होता, “दादा, नाटक पायला यायचं म्हून लोकं दाढी करून येतेत. लय भारी हाय बाईंचं काम. एरवी हप्ता-हप्ता दाढी नाय करत कोनी.”

आता हमीदाचाचीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

स्टँडच्या फाटकाशी हमीदाचाचीचा चहा-भजीचा ठेला आहे. माहेर मालेगावचं, लग्न होऊन नांदगावला आली. नवरा लवकर गेला आणि पोरगा, आसिफ, तिनं या ठेल्यावर वाढवला. आत्या नोकरीत लागली त्याच सुमारास चाचीचा ठेला लागला. तेव्हापासून दोघींचं भांडण चालू आहे. सगळ्या स्टँडवर बायका म्हणाल तर या दोघीच, त्यामुळे भांडायला दुसरं कोणी नव्हतंही. दुपारी ठेल्यामागच्या फळकुटावर बसून दोघी एकत्र डबा खायच्या आणि एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. आत्या निवृत्त झाली तरी सकाळी सातला ठेल्यावर हजर असते.

“हमीदा, हा चहा आहे की गरम पाणी?”

“कंट्रोलर, पीना है तो पी. नायतर समोर जा.”

“समोर कोण आहे?”

“कोई नहीं. म्हणून तर इथं येतेस.”

हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की कधी आत्याकडे मुक्काम असला आणि ते ऐकू आलं नाही तर सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

आसिफ आता भिवंडीला असतो. चांगलं चाललंय त्याचं. आईला सारखा म्हणतो, ठेला बंद कर, इकडे ये. यंदा दिवाळीनंतर चाचीनं जाहीर केलं, “कंट्रोलर, या नाटकाच्या सीझनला धंदा झाला तर राहीन. नाय तर खल्लास. ठेला विकणार, भिवंडीला जाणार.”

“जा की,” आत्या म्हणाली. “कोणी धरून ठेवलंय?”

आणि त्याच संध्याकाळी मला फोन. “विनू, भिवंडीत हवा दमट असते ना रे? गुडघेदुखीला वाईट ना ती?” मी म्हटलं, कोणाचे गुडघे? तर म्हणाली, “कोणाचेही. सर्वसाधारण विचारतेय.” मग म्हणाली, “ती गेली तर सकाळी उठून मी जायचं कुठं, सांग बरं.” आत्याच्या तोंडून असं काही मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. मी आपला हवेबद्दलच बोलत राहिलो.

त्यानंतर आत्या अशी काही कामाला लागली, की समितीचे अध्यक्ष तिला बघून गल्ली बदलायला लागले. खेडोपाडी स्वतः जाऊन पाट्या लावल्या. चाचीच्या ठेल्याला नवी ताडपत्री लावून घेतली आणि सांगताना सांगितलं, की नगरपालिकेचा नियम आहे. चाचीनं दुप्पट बेसन भरलं. महोत्सवाची पहिली तीन नाटकं तशी बेतासबात गर्दीची असतात. खरी जत्रा शेवटच्या दिवशी, कारण त्या दिवशी पुण्या-मुंबईचं गाजलेलं नाटक असतं. चाचीचा सगळा सीझन म्हणजे त्या दिवसाची चाळीस मिनिटं.

शेवटच्या नाटकाच्या आदल्या दिवशी सकाळी आत्याचा फोन आला. “लगेच निघ.”

“काय झालं?”

“मध्यंतर नाहीये.”

मला वाटलं, कोणीतरी गेलं. तिचा आवाज तसाच होता. मग हळूहळू उलगडा झाला. समितीनं यंदा पुण्याचं एक नवं, खूप नावाजलेलं नाटक ठरवलं होतं. पैसे दिले, तिकिटं संपली, सगळं झालं. आणि आता दिग्दर्शकाचा निरोप आला की नाटक दोन तासांचं सलग आहे, मध्ये थांबत नाही. “आधी विचारलं नाहीत का?” मी म्हटलं. आत्या कडाडली, “काय विचारायचं? गाडी ठरवताना चाकं आहेत का असं विचारतोस तू?”

मी गाडी काढून नांदगाव गाठलं. नाटक मंडळी दुपारपर्यंत आलीच होती. दिग्दर्शकाचं नाव ओंकार. तिशीचा, दाढीवाला, अतिशय मऊ बोलणारा मुलगा. आत्यानं त्याला खानावळीत गाठलं. तो जेवता जेवता म्हणाला, “मॅडम, हा एक सलग अनुभव आहे.”

“अनुभव असू दे सलग,” आत्या म्हणाली. “माणसं सलग नसतात. त्यांना बाहेर जावं लागतं.”

“पण मध्ये थांबलं तर प्रेक्षक त्या जगातून बाहेर येईल.”

“यायलाच पाहिजे. बाहेर हमीदा आहे.”

ओंकारला काही कळलं नाही. पण त्यानं हात जोडले. म्हणाला, “मॅडम, दोन वर्षं आम्ही सगळे या नाटकावर राबलोय. मध्ये कापलं तर ते मरतं हो. तुम्ही म्हणाल ते करतो, तेवढं मागू नका.” डोळ्यांत खरंच पाणी होतं त्याच्या. आत्या त्याच्या ताटाकडे बघत राहिली. मग वाढणाऱ्याला म्हणाली, “यांना भाकरी वाढा,” आणि उठून आली.

ती संध्याकाळ आणि दुसरी सकाळ मी तिच्याबरोबर काढली. मला धास्ती एकच होती. सभागृहाच्या मेन स्विचपाशी ती दोनदा जाऊन उभी राहिली. वायरमन घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मी तिला बाजूला घेतलं. “आत्या, लाइट घालवायचा विचार असेल तर मी नाशिकला निघालो.” ती म्हणाली, “विचार केला. नाही असं नाही. पण सुटलेली गाडी मी कधी परत बोलावली नाही रे. मंत्री आला तरी नाही. सुटली की ती ड्रायव्हरची.” आणि तिनं माझा दंड इतका घट्ट धरला, की दुखायला लागला. “सुटल्यावर त्याची. पण सुटायच्या आधी?”

मला वाटतं, बस पुकारताना तिचा चेहरा असाच होत असेल.

ती थेट ओंकारकडे गेली. तिची योजना ऐकून तो आधी हसला, मग त्याला कळलं की बाई गंमत करत नाहीये. त्यानं नटांशी बोलून घेतलं. “नाटकाला हात लागणार नाही ना?” एवढंच विचारलं. “एका शब्दाला नाही,” आत्या म्हणाली. तो म्हणाला, “मग माझी ना नाही.”

संध्याकाळी सभागृह खचाखच भरलं. उभं राहायला जागा नव्हती. वेळ झाली, घंटा झाली, दिवे मंदावले. आणि पडदा वर जायच्या ऐवजी पडद्यासमोर ठेवणीतली इरकल नेसलेली माझी आत्या आली. माइक हातात.

“प्रेक्षकांनी नोंद घ्यावी. आजच्या नाटकाचं मध्यंतर नाटकाच्या आधी घेण्यात येत आहे. मध्यंतर चाळीस मिनिटांचं असून ते सुरू झालेलं आहे. त्यानंतर नाटक मध्ये कुठंही थांबणार नाही. तरी सर्वांनी बाहेरची कामं उरकून घ्यावीत.”

पुढच्या रांगेतले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, “अर्धं झालं का? मला डोळा लागला होता काय?” मागून कोणीतरी ओरडलं, “बाई, अजून काय पायलंच नाय, मध्यंतर कशाचं?” आत्या म्हणाली, “नंतर मिळणार नाही. विचार करा.” आणि काय सांगू, तो आवाज कानावर पडला की नांदगावचा माणूस आपोआप उठतो. इतकी वर्षं त्या आवाजावर त्यांनी गाड्या पकडल्या आहेत. सगळं सभागृह उठलं.

बाहेर झुंबड उडाली. नंतर दोन तास काही मिळणार नाही म्हटल्यावर लोकांनी एरवीपेक्षा जास्तच खाल्लं. आधीच्या मध्यंतरांत लोक नाटकाबद्दल बोलायचे, या वेळी बोलायला नाटकच नव्हतं, त्यामुळे त्यांनी बांगड्या बघितल्या, स्वेटरं बघितली, एकमेकांच्या सुना बघितल्या. एक मास्तर अर्ध्या तिकिटाचे पैसे परत मागत फिरत होते, कारण पहिला अंक दाखवलाच नाही. निम्म्या मेकअपमधले नट चाचीच्या ठेल्यासमोर रांगेत उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर फोटो काढायला आणखी रांग लागली. ओंकार कागदावर भजी घेऊन उभा होता. चाची दोन्ही हातांनी तळत होती आणि बाळू सलूनवाला आपलं दुकान सोडून तिला चहा गाळून देत होता.

आत्या रस्त्याच्या मधोमध उभी. नुसती त्या उभ्या माणसांकडे बघत होती.

चाळीस मिनिटांनी तिनं सगळ्यांना आत घेतलं आणि दारं लावली. तिला बाहेर थांबायचं होतं, पण ओंकारनं हाताला धरून आत नेलं. म्हणाला, “मॅडम, आज तरी बघा.” मध्यंतर होऊन गेलेलं. बाहेर तिला काही काम उरलं नव्हतं. जाणं भाग पडलं.

मला आत जागा मिळाली नाही. मी ठेल्यावर गेलो. रस्ता एकदम रिकामा झाला होता. चाचीनं स्टोव्ह विझवला आणि बाकाला धरून, दोन टप्प्यांत खाली बसली. गुडघे चोळायला लागली. घमेल्यात एक भजं शिल्लक नव्हतं.

“चला, चाची,” मी म्हटलं. “आता भिवंडी रद्द. आत्या जिंकली.”

चाची हसली. “भिवंडी कधी होती बेटा?”

मी तिच्या शेजारी टेकलो.

“आसिफ दर महिन्याला पैसे पाठवतो. माझं एकटीचं पोट, मला या ठेल्याची काय गरज? पाय तर असे झालेत. डॉक्टर बोलला, उभं राहू नका.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पण तुझी आत्या रिटायर झाली ना, तेव्हाचं तुला माहीत नाय. रोज यायची आणि त्या तिथं, पॅसेंजरच्या बाकावर बसायची. सकाळपासून. गाडी आली की उठायची, मग तिला आठवायचं की आता आपलं काम नाय. परत बसायची. केस विंचरलेले नसायचे. माझ्याशी भांडतपण नव्हती. मी बोलले, ही बाई अशानं जाईल. मग मी सांगितलं, धंदा नाय, मी चालले भिवंडीला. खोटंच. दुसऱ्या दिवशी केस विंचरून आली आणि बोलली, थांब, मी माणसं आणते.”

“आणि तेव्हापासून दर वर्षी…”

“दर दिवाळीला सांगते. तिला कामाला लावावं लागतं.” चाची गुडघा दाबत म्हणाली. “तू बोलू नको हां तिला. कसम है.”

आतून एकही आवाज येत नव्हता. नांदगावच्या सभागृहात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पोटं भरलेली, बाहेरची कामं उरकलेली, माणसं खरोखर दोन तास हलली नाहीत. शेवटी टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. दारं उघडली. ओंकार बाहेर आला तो भारावलेला, आत्याला शोधत होता. ती सगळ्यांच्या आधी ठेल्यावर पोचली होती.

“काही उरलं?”

“काय नाय.”

“मग? जाणारेस?”

“पुढच्या वर्षी बघू,” चाची म्हणाली. आत्यानं मान हलवली, हिशेब चुकता झाल्यासारखी, आणि ताडपत्रीची दोरी सोडायला लागली.

मला नाशिकला परतायचं होतं. ती गाडीपर्यंत सोडायला आली. मी विचारलं, नाटक कसं होतं? “बरं होतं,” म्हणाली. “ती म्हातारी फार एकटी दाखवलीय रे त्यात.” एवढं बोलून तिनं नाक पुसलं. शपथ घातली होती, तरी मला राहवेना. मी जपून म्हटलं, “आत्या, तू उगाच इतका घोर लावून घेतेस. चाची काही कुठं जायची नाही.”

“मला माहीत आहे,” आत्या म्हणाली.

“काय माहीत आहे?”

“हेच. दर दिवाळीला खोटं बोलते ती. इतकी वर्षं तिच्याशी भांडतेय, एवढंही कळायचं नाही का मला?”

“मग हा सगळा आटापिटा कशाला?”

आत्यानं मागे वळून बघितलं. हमीदाचाची बाकावरून उठायचा प्रयत्न करत होती. एकदा उठली, परत बसली, आणि फळीला हात लावून पुन्हा उठायला लागली.

“आणि एखाद्या वर्षी खरं बोलत असली तर?” असं म्हणून आत्या भराभरा रस्ता ओलांडायला लागली.